मोठ्या निगेटिव्हसाठी एनलार्जर घेताय? या चुका टाळा

बडोद्यात परत फिल्मवर काम करणारी मुलं दिसायला लागलीयत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ३५ एमएमवरून १२० च्या रुंद फिल्मवर गेले, किंवा कुणाच्या हाती ४×५ इंची निगेटिव्हचा कॅमेरा लागला, की सगळे आधी एनलार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पेपरवर छापायचं यंत्र, शोधायला धावतात, पहिला जो स्वस्त दिसेल तो रिक्षात घालून घरी आणतात आणि मग फोन करतात, "काका, प्रिंट नीट येत नाहीये." मी एकच विचारतो, निगेटिव्ह पट्टीने मोजलीस का? उत्तर नेहमी 'नाही'.

क्रमच उलटा आहे. आधी निगेटिव्ह मोजायची, मग तिला लागणारी लेन्स ठरवायची, मग कंडेन्सर (दिव्याखालचं उजेड गोळा करणारं भिंग), मग कॅरियर (निगेटिव्ह धरणारी चौकट), आणि हे सगळं ज्यात बसेल तो एनलार्जर सगळ्यात शेवटी.

६×६ सेंमीची म्हणतात ती चौकट खरं तर साधारण ५६×५६ मिमी असते, कर्ण ७९ मिमी. ६×७ चा कर्ण ९० च्या आसपास, ६×९ चा १०१, आणि ४×५ चा १५० च्या जवळ. लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा, साधारण या कर्णाएवढी हवी. म्हणून ३५ एमएमला ५०, ६×६ ला ७५ किंवा ८०, ६×७ ला ९०, ६×९ ला १०५, ४×५ ला १३५ ते १५०. हे पाठ करा, यात घासाघीस नाही.

५० ची लेन्स "चालवून घेणे"

ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

ओळखीतला एक मुलगा, दांडिया बाजारातलं जुनं घर, आजोबांच्या कपाटात निगेटिव्हचा गठ्ठा सापडला. अॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेल्या. हा कॅमेरा आपल्या बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा, त्यामुळे इथल्या बऱ्याच मराठी घरांत त्याच्या ६×६ निगेटिव्ह अजून पडून आहेत. मुलाने बंद पडलेल्या एका स्टुडिओतून एनलार्जर आणला. विकणाऱ्याने सांगितलं, ६×६ चा आहे, सगळं कम्प्लीट आहे. एनलार्जर खरंच ६×६ चा होता, पण स्टुडिओचं शेवटच्या काळातलं सगळं काम ३५ एमएमवर असणार, कारण आत लेन्स ५० ची होती.

मुलगा प्रिंट घेऊन आला. वाड्यातल्या मुंजीचा ग्रुप फोटो, मधला बटू, आईवडील, भटजी नीट दिसतायत, आणि चारही कोपरे पांढरे. डावीकडे खाली बसलेल्या आत्याचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा. पोराने पेपर बदलला, डेव्हलपर बदलला, पुठ्ठ्याला भोक पाडून कोपरे बर्न करत, म्हणजे फक्त तिथे जास्त उजेड देत बसला, एकेका प्रिंटला अर्धा तास. आणि निष्कर्ष काय काढला तर क्लिक थ्रीची लेन्स साधी, एका भिंगाची, म्हणून कोपरे गेले.

आता इथे दोन मिनिटं थांबून विचार करायला हवा होता. कॅमेऱ्यामुळे कोपरे पडले, तर निगेटिव्हवर कोपऱ्यात उजेड कमी पोचतो, तिथली निगेटिव्ह पातळ होते, आणि प्रिंटमध्ये तो भाग काळा येतो. एनलार्जरच्या लेन्समुळे पडले, तर पेपरच्या कोपऱ्याला उजेड कमी मिळतो आणि प्रिंटमध्ये तो भाग पांढरा येतो. म्हणजे काळे कोपरे दिसले तर कॅमेरा बघा, पांढरे दिसले तर एनलार्जर बघा. एवढं डोक्यात असतं तर त्याचं पेपरचं अख्खं पाकीट वाचलं असतं, आणि आजकाल पेपर काय भावाने येतो ते सगळ्यांना माहितीये.

माझी ८० ची लेन्स त्याच्या एनलार्जरवर लावली. आत्या दिसायला लागली. पण आता मधला बटू आणि भटजी आजूबाजूपेक्षा काळपट, म्हणजे उजेड मध्ये जास्त आणि कडांना कमी. लॅम्पहाउस, म्हणजे वरचं दिव्याचं घर, उघडून बघितलं तर कंडेन्सरही ५० च्या लेन्सचाच. हे लोकांना माहीतच नसतं. कंडेन्सरचं काम दिव्याचा उजेड निगेटिव्हमधून गोळा करून बरोब्बर लेन्सच्या तोंडात सोडायचं असतं, त्यामुळे लेन्स बदलली की बहुतेक एनलार्जरवर कंडेन्सरही बदलावा लागतो, नाहीतर त्याची जागा सरकवावी लागते. बेसेलर २३सी सारख्यात कंडेन्सर वर-खाली करायची सोयच दिलेली असते, बाकी बऱ्याच मॉडेलमध्ये वेगळं भिंग घालावं लागतं. आम्ही दोघं परत त्या विकणाऱ्याकडे गेलो. मोठा कंडेन्सर त्याच्या टेबलावर होता, बिलांच्या चळतीवर पेपरवेट म्हणून. पुसून घरी आणला, बसवला, आणि मुंज पहिल्यांदा काठापासून काठापर्यंत एकसारखी छापली गेली.

म्हणून माझी सवय सांगतो. कुठलाही एनलार्जर बघायला गेलो की निगेटिव्ह न घालता, रिकामा कॅरियर लावून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून पांढऱ्या कागदावर उजेड टाकतो आणि कोपरे बघतो. घरी आणल्यावर आणखी एक टेस्ट, हीच खरी. लेन्सचं छिद्र एफ ८ वर, तसाच रिकामा कॅरियर, ८×१० इंची पेपर ग्रेड ४ वर, म्हणजे कडक कॉन्ट्रास्टवर, आणि एक्स्पोजर एवढंच की पेपर मध्यम राखाडी होईल. डोळ्याला जो फरक दिसत नाही तो कडक ग्रेडवर लगेच उघडा पडतो. एक कागद खर्च होतो. होऊ दे. घाई असलेली मुलं हीच टेस्ट टाळतात आणि मग महिनाभर बर्निंग करतात.

छताची उंची न मोजता ४×५ घेणे

४×५ चा एनलार्जर म्हणजे मोठं प्रकरण आहे. ओमेगा डी२ घ्या, बेसेलर ४५ घ्या, नाहीतर डर्स्ट लॅबोरेटर १२००, दोन माणसांशिवाय उचलायच्या फंदात पडू नका. पण वजनाचं सगळ्यांच्या लक्षात येतं, उंचीचं येत नाही.

साधा हिशोब आहे. निगेटिव्हपासून पेपरपर्यंतचं अंतर म्हणजे फोकल लेंथ गुणिले (२ + पट + १ भागिले पट). ६×६ वरून चौपट मोठी प्रिंट, लेन्स ८० ची, तर ८० × ६.२५ = ५०० मिमी, अर्धा मीटर, काही त्रास नाही. आता ४×५ वरून १६×२०, तीही चौपटच, पण लेन्स १५० ची. १५० × ६.२५ म्हणजे जवळजवळ ९४ सेंमी. खाली टेबल ७५ सेंमीचं धरा आणि वर लॅम्पहाउसची उंची मिळवा, एनलार्जरचं डोकं (हेड) खांबावर वर नेलं की दोन मीटरच्या वर गेलात. आपल्याकडे डार्करूम कुठे होते? बाथरूममध्ये, माळ्याखाली, जिन्याखालच्या खोलीत. रावपुऱ्यातल्या एकाने जिन्याखाली सगळं छान बसवलं, सेफलाइट, सिंक, शेल्फ, आणि मग एनलार्जरचं डोकं वर नेताना ते माळ्याच्या फळीला टेकलं. त्याला ८×१० च्या वर जाता येईना.

अशा वेळी लोक १५० ऐवजी १०५ लावायचा शॉर्टकट घेतात. लावू नका. तो वरच्या आत्याचाच किस्सा परत होणार. वाइड अँगल प्रकारच्या एनलार्जिंग लेन्स असतात, त्या छोट्या फोकल लेंथमध्ये मोठी निगेटिव्ह कव्हर करतात, पण त्या महाग आणि मिळायला मुश्कील. माझा उपाय सोपा आहे. टेबल काढून टाका, बेसबोर्ड (एनलार्जरची खालची फळी) चौरंगावर ठेवा आणि खाली बसून काम करा. आपल्याला जमिनीवर बसायची सवय आहे, मी तर वर्षानुवर्षं तसंच करतो. फक्त ट्रान्सफॉर्मर आणि टायमर जमिनीवर ठेवू नका, विश्वामित्री नदीचं पाणी कुठे कुठे येतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

आणखी एक. १५० च्या बऱ्याच लेन्सचे आटे ५० मिमीचे असतात, छोट्या लेन्सच्या नेहमीच्या ३९ च्या भोकात त्या बसत नाहीत. लेन्सबोर्ड (लेन्स बसते ती पट्टी) आधी बघा, मग लेन्सचे पैसे द्या.

हाफ प्लेट म्हणजे ४×५ समजणे

जुन्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह मिळाल्या की लोक म्हणतात ४×५ आहे. हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंच असते. ४×५ च्या एनलार्जरमध्ये ती जाणारच नाही, आणि बसवायला काच कापायचा विचार करणारा मला भेटलाय, त्याचा हात मी धरलाच. याला एनलार्जर लागतच नाही. काचेची प्लेट पेपरवर इमल्शन (फोटोचा थर असलेली बाजू) खाली करून ठेवा, वरून उजेड द्या, कॉन्टॅक्ट प्रिंट करा. जी बारीक नक्षी त्यात येते, शालूच्या काठाची, फेट्याच्या घडीची, ती बघितल्यावर मोठी प्रिंट हवीशी वाटणार नाही.

बुरशी न बघता लेन्स घेणे

आपल्या हवेत, त्यात जुलै-ऑगस्टमध्ये, कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागतेच. विकणारा समोरून लेन्स दाखवतो, स्वच्छ दिसते. मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, किंवा एकसारखी धुरकट साय दिसली, तर ठेवून द्या. एनलार्जरमध्ये त्या धुरकटपणाने प्रिंटची जान जाते, काळा काळा राहत नाही, आणि मुलं ग्रेड वाढवत बसतात. एखादा बुडबुडा किंवा बारीक ओरखडा असेल तर घाबरू नका, प्रिंटमध्ये कळतही नाही.

लेन्स कुठली? सहा भिंगांची घ्या. श्नायडरची कॉम्पोनॉन-एस, रोडेनस्टॉकची रोडागॉन, निकॉनची एल-निकॉर ८० एफ ५.६. कॉम्पोनार तीन भिंगांची असते, नाव सारखंच वाटतं म्हणून लोक कॉम्पोनॉन समजून घेऊन येतात. छोट्या प्रिंटला ती चालते, मोठ्या प्रिंटला कडा मऊ पडतात. कॅमेऱ्यावर लाखभर खर्च करून इथे दोन-तीन हजार वाचवणारे लोक मला कळत नाहीत, कारण निगेटिव्हमधलं सगळं शेवटी या एकाच लेन्समधून पेपरवर जातं.

बाकीच्या, थोडक्यात

शार्प यावं म्हणून लेन्स एफ २२ पर्यंत बंद करू नका, उलट मऊ होतं, पूर्ण उघडीपासून दोन स्टॉप (छिद्राच्या दोन पायऱ्या) खाली या आणि तिथेच थांबा.

मोठी निगेटिव्ह दिव्याच्या उष्णतेने मधेच फुगते. फोकस केला, पेपर लावला, तोवर निगेटिव्ह उडी मारून बसली, आणि मध्य मऊ. ६×६ च्या वर मी काचेचा कॅरियर वापरतो, वरची काच अँटी-न्यूटन (किंचित खरबरीत केलेली), नाहीतर पावसाळ्यात रंगीत वर्तुळं उठतात. काचा रोज पुसायच्या, कंटाळा असेल तर हे काम करू नका.

नाव छापलेला साधा बल्ब लावू नका, कंडेन्सर एनलार्जरमध्ये कंपनीची अक्षरं पेपरवर उतरू शकतात. ओपल (दुधी काचेचा) बल्ब मिळत नसेल तर थांबा, शोधा.

चारही कोपऱ्यांत ग्रेन फोकसरने (पेपरवर ठेवून बघायच्या भिंगाने) ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, तपासा. एक कोपरा शार्प आणि समोरचा मऊ असेल तर लेन्सला शिव्या देऊ नका, हेड वाकडं आहे. आधी बेसबोर्डवर, मग कॅरियरवर आणि लेन्सबोर्डवर स्पिरिट लेव्हल ठेवा आणि तिन्ही एकसारखे करा. एनलार्जर हलवला की परत तपासायचं, दर वेळी.

कलर हेड (रंगीत प्रिंटिंगचं डोकं) घेताना ट्रान्सफॉर्मर बरोबर घ्या. बऱ्याच हेडना १२ व्होल्ट १०० वॅटचा हॅलोजन दिवा लागतो, आणि नुसतं हेड स्वस्तात मिळालं म्हणून आणलं की त्याचा ट्रान्सफॉर्मर शोधण्यात वर्ष जातं. आणि दुपारी, शेजारी सगळ्यांचे एसी चालू असताना टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर तपासायची पट्टी) काढून रात्री फायनल प्रिंट करू नका, व्होल्टेज वेगळं असतं. स्टॅबिलायझर लावा, किंवा मी करतो तसं टेस्ट आणि प्रिंट एकाच बसणीत, रात्री दहानंतर.