जॅमची बाटली घेताना काय पाहाल?

आधी मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे साखर पहिली दिसली तर दचकू नका. जॅममध्ये विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, घटक किमान 65 टक्के असावे लागतात आणि त्यातली बरीचशी साखरच असते. टिकाऊपणाही तिच्यामुळेच येतो. खरा आकडा फळाचा. नियमानुसार तो किमान 45 टक्के हवा, स्ट्रॉबेरीला मात्र 25 चालतो. 'मिक्स्ड फ्रूट'मध्ये कोणती फळं, किती, हे बघाच. बहुतेकदा पपई, केळं अशा स्वस्त गराचाच भरणा असतो. आयएनएस हे अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक. 440 म्हणजे पेक्टिन, जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ, त्याला घाबरायचं कारण नाही. 122 किंवा 124 हे कृत्रिम लाल रंग. ते असतील तर बाटली खाली ठेवा.

बाटली तिरकी करा. वर पाणी सुटलेलं असेल तर जॅम नीट बसलेला नाही. बुडबुडे किंवा फुगलेलं झाकण म्हणजे आंबलेला माल.

नाशिकमध्ये सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेरीचा घरगुती जॅम मिळाला तर जरूर घ्या, पण परवाना क्रमांक आणि तारीख पाहून. लहान बाटलीच बरी. उघडल्यावर फ्रीजमध्ये, चमचा कोरडाच. बुरशी आली तर वरचा थर काढून खाऊ नका, अख्खी बाटली टाका.