दुसरा सेन्सर कुठं लावायचा हे मी कसं शिकलो

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेत मेंटेनन्सला लागलो तेव्हा वाटायचं, एन्कोडर (किती फिरलं ते पल्सनं मोजणारा सेन्सर) गेला की ड्राईव्ह (मोटरला करंट देणारं युनिट) अलार्म देणारच. वायर तुटली तर नवे ड्राईव्ह देतात, एन्कोडरचा ए सिग्नल आणि त्याचा जोडीदार ए-बार कायम उलटे पाहिजेत, नसले की त्यांना कळतं. पण आमच्या रेट्रोफिट केलेल्या (जुन्या मशीनला नवं कंट्रोल बसवलेल्या) लेथवर साईज दर चार-पाच जॉबला सरकायची आणि स्क्रीनवर सगळं ओके. दोन दिवस मी पॅरामीटरच चाळत बसलो. शेवटी आमचे म्हातारे फिटर अण्णा आले, "स्क्रीनकडं काय बघालास, कपलिंग बघ की." मार्करनं एन्कोडरच्या कपलिंगवरून शाफ्टवर एक रेघ मारली, स्लाईड वीसेक वेळा मागं-पुढं पळवली, रेघेचे दोन तुकडे. कपलिंग शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू ढिला! एन्कोडर ठणठणीत, फक्त बॉलस्क्रूपेक्षा (स्लाईड सरकवणारा आट्यांचा दांडा) कमी फिरत होता.

मग दुसरा सेन्सर म्हणून बॉलस्क्रूवरच प्रॉक्सी (धातू जवळ आला की सिग्नल देणारा सेन्सर) लावला, फेरीला एक पल्स. एन्कोडर २५०० पल्सचा, चारपट करून १०,००० काउंट, पिच १० मिमी म्हणजे एक काउंट एक मायक्रॉन. दोन प्रॉक्सी पल्समधे १०,००० च्या आसपास काउंट आले नाहीत तर ट्रिप, म्हणजे मशीन बंद. दिशा बदलली की पहिली पल्स सोडून द्यायची, नाहीतर उगाच ट्रिप होतं.

आता माझा शहाणपणा ऐका. केबल वाचवायला प्रॉक्सीची वायर एन्कोडरच्याच कनेक्टरमधून नेली. एक दिवस त्यात कूलंट शिरलं आणि दोन्ही एकदम मेले, एन्कोडर वाचणाऱ्या आमच्या जुन्या कार्डात ए-बारचं चेकिंगच नव्हतं. काउंट शून्य, म्हणजे कंट्रोलला वाटतंय स्लाईड हललीच नाही, तो आणखी जोर लावतोय. आणि माझं लॉजिक पल्स आल्यावरच चेक करायचं, पल्सच नाही तर चेक कसलं! फॉलोइंग एररची (सांगितलेली जागा आणि एन्कोडरनं दाखवलेली जागा यातला फरक) लिमिट पण मीच वाढवून ठेवलेली, सारखं ट्रिप होतंय म्हणून. स्लाईड सुसाट सुटली. स्लाईडच्या टोकाचा लिमिट स्विच थेट इमर्जन्सीच्या सर्किटमधे होता म्हणून वाचलो, पीएलसीतून (प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर) असता तर माहीत नाही बाबा.

आता प्रॉक्सीची केबल, सप्लाय सगळं वेगळं, आणि कमांड असून ठराविक वेळात काउंट किंवा पल्स यातलं एक जरी आलं नाही तरी ड्राईव्ह बंद. नवीन असाल तर हे मुद्दाम बिघडवून बघा, फीड एकदम कमी ठेवून, एक हात इमर्जन्सीवर. उभ्या अ‍ॅक्सिसवर मात्र आधी ब्रेक धरतोय का बघा, ड्राईव्ह बंद झाला की हेड खाली येतं.