क्वीअर इतिहास जपताना या चुका टाळा : संकलन-दिवस, मुलाखती आणि खोक्यातले फोटो

संकलन-दिवसाला, म्हणजे लोक आपले जुने फोटो आणि कागद स्कॅन करून घ्यायला आणतात त्या दिवशी, एक फोटो स्कॅन व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात फोटो आणणारी व्यक्ती बोलत असते : हे कोणाचं घर, ही साडी कोणाकडून मागून आणली होती, फोटो काढणारा कोण आणि तो स्वतः एकाही फोटोत का नाही. स्वयंसेवकाचं लक्ष मात्र स्क्रीनवर असतं. संध्याकाळी हातात सुरेख स्कॅन उरतो आणि त्याखाली लिहायला काहीच नसतं. स्थानिक एलजीबीटीक्यू इतिहास कसरीने किंवा बुरशीने जितका जातो, त्याहून जास्त असा टेबलावरच जातो.

एका टेबलावर एकच स्वयंसेवक

प्रत्येक टेबलावर दोघं हवेत. एक स्कॅन करेल, दुसरा फक्त ऐकेल आणि लिहील. दोन्ही कामं एकाकडे दिली की लिहिणंच मागे पडतं, कारण स्कॅनर थांबलेला सगळ्यांना दिसतो, पेन थांबलेलं कोणाला दिसत नाही.

ओळीने चार जागा करा : स्वागत आणि संमती, नोंद, स्कॅनिंग, आणि वस्तू मोजून परत देणं. येणाऱ्यांना वेळ ठरवून बोलवा. एका व्यक्तीला ४० मिनिटं आणि जास्तीत जास्त १५ वस्तू. "घरात आहे ते सगळं घेऊन या" असं आवाहन केलं तर लोक पिशव्या भरून येतात, रांग लागते आणि नोंदी तुटक होत जातात.

प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी, तिच्यावर सहा प्रश्न : काय आहे, केव्हाचं, कुठलं, कोणी काढलं किंवा लिहिलं, कोण दिसतंय, आणि तुमच्याकडे कसं आलं. शेवटचा प्रश्न हमखास राहतो. पण एखादं पत्रक मोर्चात वाटलेलं होतं की कोणाच्या मृत्यूनंतर गादीखाली सापडलं, यावर त्याचा अर्थ बदलतो. तारीख नक्की नसेल तर "१९९० च्या आसपास" लिहा आणि ती कशावरून ठरवली तेही लिहा. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवा, त्यांना कार्यालयीन भाषेचं वळण देऊ नका.

"फोटो त्यांचा आहे, त्यांनी परवानगी दिली"

ही सगळ्यात घातक चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. फोटोत आठ जण असतील तर आणणारी व्यक्ती फक्त स्वतःच्या वतीने हो म्हणू शकते. उरलेल्या सात जणांपैकी कोणी आज लग्न करून दुसऱ्या गावी असेल, कोणाच्या नोकरीच्या ठिकाणी काही माहीत नसेल. तीस वर्षांपूर्वीच्या पार्टीतला चेहरा आज शोधयंत्रात आला, तर त्या माणसाची ओळख त्याच्या परवानगीशिवाय उघडी पडते. एकदा उघडी पडलेली ओळख परत झाकता येत नाही. दुसऱ्या बाजूने, भीतीपोटी सगळी नावं गाळली तर पन्नास वर्षांनी त्या फोटोत कोण होतं हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून नावं नोंदवायची सगळी, दाखवायची मात्र पायरीपायरीने.

संमतिपत्रात नुसतं हो किंवा नाही ठेवू नका. चार पर्याय द्या : सर्वांसाठी खुलं, नाव किंवा चेहरा झाकून खुलं, फक्त संग्रहात येऊन पाहता येईल असं, आणि ठरावीक वर्षं पूर्ण बंद, उदाहरणार्थ २५ वर्षं किंवा संबंधित व्यक्तीच्या निधनापर्यंत. प्रत्येक वस्तूला वेगळा पर्याय निवडता आला पाहिजे. पत्रक त्याच दिवशी सही करून घेण्याची घाई नको. एक प्रत घरी नेऊ द्या आणि दोन आठवड्यांत मत बदलायची मुभा लिहून द्या. नंतर संमती मागे घेतली तर फाइल कोण काढणार आणि किती दिवसांत, हेही पत्रकावरच असू द्या. आणखी एक गल्लत : फोटोचा प्रसिद्धीचा हक्क (कॉपीराइट) बहुतेक ठिकाणी तो काढणाऱ्याकडे असतो आणि पत्राचा ते लिहिणाऱ्याकडे. कागद ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे हा हक्क आपोआप येत नाही.

चेहरा झाकताना हलकं धूसर करणं पुरेसं नाही, ओळखीची माणसं केसांवरून आणि उभं राहण्यावरून ओळखतात. भरीव काळा चौकोन वापरा, तोही प्रतीवर. मूळ फाइलला हात लावू नका. पीडीएफमध्ये काळी पट्टी नुसती वर चढवली तर खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. त्यामुळे ते पान चित्र म्हणून नव्याने साठवा आणि मग पट्टीखालचं काही निवडता येतं का ते स्वतः तपासा. फोनने काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद लपलेली असते, प्रसिद्ध करण्याआधी ती काढून टाका.

याच चुकीची छोटी भावंडं कार्यक्रमाच्या दारातच भेटतात. उघड्या हजेरीवहीत मागे येणाऱ्या प्रत्येकाला आधीची नावं वाचता येतात. त्याऐवजी प्रत्येकाला सुटी चिठ्ठी द्या आणि ती बंद पेटीत टाकायला सांगा. फोटो चालत नसलेल्यांसाठी गळ्यातल्या पट्टीचा वेगळा रंग ठेवा, आणि छायाचित्रकाराला तो आधी दाखवा. नंतर फोन करायचा असेल तर "कोणत्या वेळी आणि काय सांगून फोन करू?" हे विचारून लिहून ठेवा. घरचा फोन सासूने उचलला तर काय बोलायचं, हे स्वयंसेवकाने ऐन वेळी ठरवायचं नसतं. पाकिटावर किंवा ईमेलच्या विषयात उपक्रमाचं पूर्ण नाव नको.

शब्द दुरुस्त करण्याचा मोह

एखाद्या आजींनी आयुष्यभर स्वतःला "तिची मैत्रीण" म्हटलं असेल, तर नोंदीत त्यांना लेस्बियन लिहून टाकणं चूक आहे. त्यांचा शब्द मुख्य वर्णनात ठेवा. शोधायला सोपं जावं म्हणून आजचा शब्द विषयसूचीत स्वतंत्र द्या. जुन्या पत्रकात किंवा बातमीत अपमानकारक शब्द असतील तर तेही गाळू नका. शीर्षक आहे तसं उतरवा आणि "मूळ मजकुरातील शब्द" अशी टीप जोडा. शब्द पुसला की त्या काळातला द्वेषही पुसला जातो.

ट्रान्स व्यक्तीच्या जुन्या कागदांवर जुनं नाव असतं. कागद बदलू नका. वर्णनात मात्र त्यांचं आजचं नाव आणि त्यांना हवी ती संबोधनं वापरा, आणि जुनं नाव शोधात दिसू द्यायचं की नाही हे त्यांनाच विचारा. अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही.

वस्तू हाताळताना

लॅमिनेशन करू नका, कधीच. उष्णता आणि गोंद कागदात शिरतात आणि ते सोडवता येत नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डाग शाईसकट कागदात उतरतो. टाचण्या गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात, म्हणून ते काढून टाका. गंजलेली टाचणी ओढू नका, तिच्याखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवून तिचे पाय हळूच सरळ करा. वर्तमानपत्राची कात्रणं आम्लयुक्त असतात आणि शेजारच्या फोटोवर तपकिरी सावली पाडतात. ती वेगळ्या पाकिटात ठेवा.

जुने चिकट पानांचे अल्बम ही ठरलेली डोकेदुखी. फोटो सुटत नसेल तर ओढून काढू नका, आधी आख्खं पान स्कॅन करा. मग दात साफ करण्याचा, चव आणि मेण नसलेला धागा फोटोमागे सपाट धरून करवतीसारखा हलवत सरकवा. तरीही सुटला नाही तर तसाच राहू द्या. नव्या पाकिटांसाठी पीव्हीसी नको, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. फोटोमागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कागदांसाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हात पुरतात, फोटो आणि निगेटिव्हसाठी नायट्रिल हातमोजे घाला. सुती हातमोज्यांत बोटांना कड कळत नाही आणि कागद फाटतो.

मोर्चातले फलक, बॅज, टी-शर्ट यांना "कागद नाही" म्हणून परत पाठवू नका. टी-शर्ट धुवू नका, घडीत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरा. खोकी पोटमाळ्यावर किंवा जमिनीला टेकून ठेवू नका. साधारण २० अंश तापमान आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता चांगली, पण ते साधत नसेल तर निदान चढउतार कमी असलेली आतली खोली निवडा.

स्कॅनिंग : गडबड कुठे होते

फोटो ६०० डीपीआय (एका इंचात इतके ठिपके), कागदपत्रं ४००, आणि ३५ मिलिमीटर निगेटिव्ह ३००० ते ४००० डीपीआय. मूळ प्रत टिफ स्वरूपात साठवा, दाखवण्यासाठीची जेपेग त्यातून काढा. कृष्णधवल फोटोही रंगीत स्कॅन करा, म्हणजे पिवळेपणा आणि शाईचे फरक टिकतात. पाठीवर काही लिहिलेलं असेल, नुसता स्टुडिओचा शिक्का असला तरी, पाठही स्कॅन करा. आपोआप रंग सुधारणारे आणि धूळ पुसणारे पर्याय बंद ठेवा, ते कधीकधी चेहऱ्यावरचा तीळही धूळ समजून पुसतात. जुना कागद स्वयंचलित फीडरमधून घालू नका.

चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला सुमारे २६ एमबीचा होतो. ३०० फोटो दोन्ही बाजूंनी म्हणजे १५ जीबीहून जास्त. दुपारी जागा संपल्यावर कोणीतरी गुपचूप दर्जा कमी करतं, म्हणून हा हिशोब आदल्या दिवशी करा.

फाइलच्या नावात व्यक्तीचं नाव घालू नका. फाइल पुढे पाठवली की नावही सोबत जातं. दात्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि बाजू एवढं पुरे : ०१२-००३-१. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळी आणि पासवर्डखाली.

मुलाखतीतल्या चुका

पंखा, फ्रिज आणि रस्त्याकडची खिडकी, हे तीन आवाज सुरुवातीला जाणवत नाहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळीकडे असतात. ३० सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच सुरुवात करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका माइकवर तासाला अर्ध्या जीबीहून थोडं जास्त होतं. फोन वापरत असाल तर विमान मोडवर टाका.

"तुम्ही घरी कधी सांगितलंत?" या प्रश्नाने सुरुवात करणं ही नेहमीची चूक. सगळ्यांनी घरी सांगितलेलंच असतं असं त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि माणसाचं आख्खं आयुष्य त्या एका प्रसंगाभोवती आवळलं जातं. आधी राहण्याचं ठिकाण, काम, मित्रमंडळी, संध्याकाळी कुठे भेटायचं, निरोप कसा पोचायचा, हे विचारा. शांतता आली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात दहापर्यंत मोजा. ९० मिनिटांच्या वर नको. छळ, पोलिसी मारहाण किंवा एड्सच्या साथीत गेलेली माणसं यांविषयी बोलणं झालं की रेकॉर्डर बंद करून लगेच उठू नका, थोडा वेळ बसा. दुसऱ्या दिवशी फोन कोण करणार हे आधीच ठरवा.

एका तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. तो वेळ वाचवायला मुलाखत एखाद्या फुकट ऑनलाइन सेवेवर चढवली जाते आणि बंद ठेवायचं कबूल केलेलं बोलणं परक्या सर्व्हरवर जाऊन बसतं. स्वतःच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर वापरा. उतरवलेला मजकूर बोलणाऱ्या व्यक्तीला वाचायला द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. बोलण्याच्या ओघात आलेली इतरांची नावं तिथेच पुन्हा विचारून घ्या.

फक्त कागदी वस्तूंना इतिहास समजणं

अनेकांची पहिली ओळख, पहिली भेट इंटरनेटवरच्या गटांत झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. ज्यांनी स्वतःच्या प्रती ठेवल्या नव्हत्या त्यांचे संवाद गेले. आजचे गप्पांचे गट निर्यात करताना मात्र आणखी जपा. त्यात शेकडो जणांचे फोन क्रमांक असतात. सदस्यांना आधी कळवा, क्रमांक काढा आणि पूर्ण प्रत बंद वर्गात ठेवा.

कॅसेट वाजवण्याआधी तिच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडा, म्हणजे चुकून वर नवं रेकॉर्ड होणार नाही. बुरशी लागलेली कॅसेट यंत्रात घालू नका, ती यंत्र खराब करते आणि यंत्र पुढच्या कॅसेटी.

एकच प्रत, एकाच जागी

बर्लिनमध्ये समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणारे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिकविज्ञान संस्था उभी केली. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि १० मे रोजी तिथली पुस्तकं जाळली. आज धोका अनेकदा साधा असतो : एकाच स्वयंसेवकाच्या लॅपटॉपमध्ये सगळं असतं आणि तो लॅपटॉप पडतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा तपास-आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडून पाहा. बॅकअप आहे म्हणणं आणि त्यातली फाइल उघडून पाहणं यात फरक आहे.

संग्रह कायम कुठे राहणार हेही पहिल्या दिवशी लिहा. लेस्बियन स्त्रियांचा इतिहास जपणारं न्यूयॉर्कचं लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज १९७४ मध्ये सुरू झालं आणि १९९३ मध्ये ब्रुकलिनमधल्या स्वतःच्या इमारतीत उघडेपर्यंत एका घरातच होतं. घरात संग्रह चालू शकतो, पण घर बदललं तर किल्ली कोणाकडे जाणार हे कागदावर हवं. जोडीदाराच्या निधनानंतर नातेवाईक कपाट रिकामं करतात तेव्हा पत्रं रद्दीत जातात. त्यामुळे कागद कोणाला द्यायचे ते वृद्ध सदस्यांकडून आजच लिहून घ्या, शक्य असेल तर मृत्युपत्रात.

अनोळखी चेहरे

कार्यक्रमानंतर काही फोटो नावांशिवाय उरतात. ते ऑनलाइन टाकून "कोण ओळखतं?" असं विचारू नका. चार-पाच ज्येष्ठांना बोलवा, मूळ फोटो खोक्यातच ठेवून छापील प्रती पसरा, वर पारदर्शक कागद टाका आणि प्रत्येक डोक्यावर आकडा घाला. आकड्यासमोर नाव, ओळखणाऱ्याचं नाव, तारीख आणि "नक्की" की "बहुधा" एवढं लिहा. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही ठेवा. निघताना टेबलावरच्या प्रती मोजा आणि एकही कोणाच्या पिशवीत गेलेली नाही ना, ते पाहा.