काँट्रामध्ये सारखं मरताय? मग हे वाचा

ही गाइड १९८८ मध्ये आलेल्या एनईएसवरच्या (निन्टेंडोचा घरी खेळायचा व्हिडिओ गेम कन्सोल) काँट्रा या गोळीबाराच्या गेमची आहे, १९८७ च्या आर्केडवाल्याची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्याची नाही, त्या दोघांत बराच फरक आहे. एकूण ८ लेव्हल, सुरुवातीला ३ लाइफ, ३ कंटिन्यू (लाइफ संपल्यावर परत सुरू करायची संधी), आणि एक गोळी लागली की एक लाइफ खल्लास. हेल्थ बार वगैरे लाड गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीने केलेलेच नाहीत.

बहुतेक जण मरतात ते उजवं बटण दाबून सुसाट पळत सुटल्यामुळे. यात स्क्रीन आपण पुढे गेलो तरच सरकते (आणि परत मागे येत नाही हेही लक्षात ठेवा), म्हणजे समोर किती शत्रू आणायचे हे बरंचसं आपल्याच हातात असतं, तरी लोक धावत जाऊन तीन तोफा आणि चार सैनिक एकदम अंगावर घेतात आणि मग म्हणतात गेम जाम अवघड आहे. चार पावलं जा, थांबा, समोर भिंतीतली तोफ दिसली की ती फोडा, मग पुढची चार पावलं.

पण हा नियम एका जागी बसलेल्या शत्रूंसाठी. पळत येणारे सैनिक येतच राहतात, त्यांना संपवून मग जाऊ म्हणून उभे राहिलात तर तिथेच म्हातारे व्हाल. त्यांना उडवत उडवत पुढे सरकायचं.

आता गन. सुरुवातीची साधी गन म्हणजे भातुकलीच. उडत येणारी कॅप्सूल फोडली की त्यातून एक अक्षर पडतं, ते घेतलं की त्या अक्षराची गन किंवा ताकद मिळते. एम मिळाली तर बटण दाबून धरलं की गोळ्या चालूच राहतात, बोटांना आराम. एल म्हणजे लेझर, ताकद भारी, पण आधीचा लेझर निघालेला असताना परत फायर दाबलं की तो गायब होऊन नवा सुरू होतो, त्यामुळे घाबरून बटण बडवणाऱ्यांनी लांबच राहावं. एफच्या गोळ्या गोल गोल फिरत जातात, दिसायला छान, बाकी मला ती कधीच आवडली नाही. आर ही गन नाहीच, तिने गोळीचा वेग वाढतो. बीने थोडा वेळ तुम्हाला काही होत नाही, तेव्हा मात्र बिनधास्त पळा.

आणि एस! एका फायरला ५ गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. एस मिळाली की दुसरं कुठलंही अक्षर घ्यायचं नाही, आणि ते नुसतं पायाला लागलं तरी गन बदलते, म्हणून कॅप्सूल फोडण्याआधी आत काय आहे ते आठवा, आठवत नसेल तर जाऊ द्या तिला उडत. आणखी एक, स्क्रीनवर एका वेळी ठराविकच गोळ्या राहू शकतात, मग लांबून मारलं की त्या हवेत असेपर्यंत तुमची गन गप्प. बॉसला (लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू) जवळ जाऊन मारलं तर पाचही गोळ्या लागतात, लगेच संपतात आणि पुढच्या पाच सुटतात. लांब उभं राहणं सेफ वाटतं खरं, पण त्यात बॉस जास्त वेळ जगतो आणि आपण कमी. अर्थात मेलात की एस पण गेली, म्हणून एसवाली लाइफ जपायची.

हालचालीचं थोडंसं. उडी मारली की माणूस गोल होऊन कोलांटी घेतो आणि तेवढा वेळ गोळी लागायला जागा कमी उरते. खाली दाबलं की आडवा पडतो, बऱ्याच गोळ्या वरून जातात. खाली आणि उडी एकत्र दाबलं तर खालच्या पायरीवर उतरतो. पहिल्या लेव्हलच्या पाण्यात खाली दाबलं की तो डुबकी मारतो आणि तेव्हा गोळी लागतच नाही, मला हे कळायला फार उशीर लागला. तिथले पूल पाय ठेवला की फुटायला लागतात, तिथे मात्र विचार न करता पळायचं.

दुसऱ्या आणि चौथ्या लेव्हलमध्ये आपण मागून दिसतो. समोरच्या विजेच्या तारांना शिवलं तर मरत नाही पण जागेवर अडकतो, आणि अडकलेल्याला गोळी लागतेच, म्हणून आधी भिंतीतलं टार्गेट फोडा, तारा गेल्या की मगच वर दाबा.

तिसरी लेव्हल धबधब्याची, दोघं खेळत असाल तर भांडण इथेच. स्क्रीन वर सरकते, वरचा घाईने चढला की खालचा स्क्रीनच्या बाहेर जाऊन मरतो. माझ्या पार्टनरने मला असं इतक्या वेळा मारलंय की शेवटी आम्ही नियमच केला, जो खाली तो आवाज देणार, त्याशिवाय वरच्याने उडी मारायची नाही. वर कहर म्हणजे ज्याच्या लाइफ संपल्या तो पार्टनरच्या लाइफमधून उचलून परत येऊ शकतो.

पाचवीच्या बर्फातून पुढे गेलात की सहावीतल्या आगीच्या ज्वाळा आणि सातवीतले वरून येणारे काटेरी दांडे, इथे एक चक्कर नुसती बघत थांबा, त्यांची लय ठरलेली असते. मेलात तर परत आल्यावर थोडा वेळ माणूस चमकत असतो, तेव्हा गोळी लागत नाही, तेवढ्यात अवघड जागा पार करून टाका.

आता जास्त लाइफ देणारा तो प्रसिद्ध कोड. टायटल स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए आणि स्टार्ट, दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. ३० लाइफ मिळतात. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडियस या कोनामीच्याच दुसऱ्या गेमसाठी टाकला होता, कारण टेस्टिंग करताना त्यांनाच तो गेम झेपत नव्हता. म्हणजे वापरायला लाज कसली! फक्त ३० लाइफ उधळू नका, त्या शेवटच्या तीन लेव्हलचा सराव करायला वापरा आणि मग ३ वर या.

आठवीत शेवटी एक मोठं धडधडणारं हृदय असतं, आजूबाजूच्या अंड्यांतून कोळ्यासारखे प्राणी निघत राहतात. एस असेल तर जवळ जाऊन मारत सुटा. ते फुटलं, क्रेडिट्स झाले, की गेम परत पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो आणि आधीपेक्षा अवघड, तेव्हा कंट्रोलर लगेच खाली ठेवू नका.