गल्लीत रैनबसेरा आला तर

इंदुरात आमच्या गल्लीच्या टोकाला रैनबसेरा, म्हणजे बेघरांसाठी रात्रीचा निवारा, होणार म्हटल्यावर विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी होती. आता सांगते, आधी रात्री नऊला तिथे जाऊन या. दिवसा काही कळत नाही.

माणसं मोजा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात माणशी 50 चौरस फूट जागा धरली होती. दाटी झाली की माणसं आपल्या ओट्यावर येतात.

मग संडास बघा. आमच्याकडे सगळं भांडण एका तुटक्या कडीचं निघालं! दार लागेना म्हणून बायका अंधारात नाल्याकडे जात. कडी बसली, वर बल्ब लागला, निम्म्या तक्रारी गेल्या.

तक्रार लिहिताना 'ते लोक' नको. काय घडलं, किती वाजता, तेवढंच. केअरटेकरचा नंबर किराणा दुकानात लावा.