इंदूरमध्ये हृदयविकाराच्या क्लिनिकल रिसर्चला लागताना

बी.फार्म., नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस, लाइफ सायन्सेस, यातलं काहीही शिकून माणूस स्टडी को-ऑर्डिनेटर, म्हणजे हॉस्पिटलात अभ्यासाचं रोजचं काम आणि नोंदी सांभाळणारा, होतो. पहिल्या आठवड्यात जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचणी नीट करण्याच्या नियमांचं) सर्टिफिकेट काढायला सांगतात, प्रोटोकॉलची, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याची, जाडजूड प्रत हातात ठेवतात आणि नवा माणूस रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवारी) नि पी-व्हॅल्यू असलं संख्याशास्त्र वाचत बसतो. ते वाचावंच. पण हृदयविकाराच्या अभ्यासाचं बरंवाईट ठरतं ते दोन टोकांना: दुखणं सुरू झालं ती वेळ, आणि वर्षभराने पेशंट कसा आहे ती नोंद. मधलं बरंचसं डॉक्टर, लॅब आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) सांभाळतात. ही दोन टोकं मात्र को-ऑर्डिनेटरच्या वहीत असतात.

हिशेब करून बघा. समजा, नेहमीच्या उपचारांत वर्षभरात 10 टक्के पेशंटांना मृत्यू, पुन्हा हार्ट अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात होतो, आणि नव्या औषधाने हे प्रमाण 8 टक्क्यांवर येईल अशी अपेक्षा आहे. 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरला तर प्रत्येक गटात साधारण 3,200 माणसं लागतात. दोन्ही गटांतला अपेक्षित फरक निघतो 64 माणसांचा. आता प्रत्येक गटातल्या फक्त 5 टक्के लोकांचा वर्षाअखेर पत्ता लागला नाही असं धरा; ती झाली 160. शोधायचा फरक 64 चा आणि हरवलेली माणसं 160! त्यांतले किती बरे आहेत नि किती गेले हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. प्रत्यक्षातले फरकही असेच बारीक असतात. केरळमधल्या 63 हॉस्पिटलांत झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एसीएस क्विक अभ्यासात 21,374 पेशंट होते. 30 दिवसांतल्या मोठ्या घटना उपचारांची गुणवत्ता सुधारण्याचा कार्यक्रम राबवला त्या बाजूला 5.3 टक्के, नेहमीच्या उपचारांच्या बाजूला 6.4 टक्के, आणि इतर घटकांचा हिशेब घेतल्यावर हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

वेळ विचारायची कशी

‘दर्द कब शुरू हुआ’ या प्रश्नाला उत्तर येतं, ‘सुबह से’. फाइलमध्ये ते 08:00 म्हणून उतरतं आणि तिथून पुढे सगळे तेच खरं धरून चालतात. म्हणून दिवसाच्या ओळखीच्या खुणा धरून विचारा. दुखण्यानेच जाग आली का? नर्मदेचा नळ येऊन गेला होता का? पोहे खाल्ले होते का? दुकानाचं शटर उघडलं होतं का? सोबत आलेल्याला वेगळं गाठून तेच विचारा. दुखणं येऊन-जाऊन असेल तर पहिल्यांदा आलेली वेळ आणि सलग सुरू झाल्याची वेळ, दोन्ही लिहून ठेवा. कोणती धरायची ते प्रोटोकॉल सांगेल. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत दुखण्याऐवजी धाप, घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं असू शकतं. गॅस समजून घरी गोळी घेऊन काढलेले तीन तासही त्या वेळेत मोजायचे असतात. देशभरातल्या 20,468 पेशंटांची क्रिएट नोंदवही 2008 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात लक्षणांपासून हॉस्पिटलपर्यंतच्या वेळेचा मध्यक 360 मिनिटं होता आणि हॉस्पिटलात पोचल्यापासून गुठळी विरघळवणारं औषध मिळेपर्यंतचा 50 मिनिटं. उशीर कुठे होतो ते एवढ्यावरून कळतं.

दुसरी अडचण घड्याळांची. कॅज्युअल्टीचं रजिस्टर, ईसीजी मशीन, कॅथलॅबचा मॉनिटर आणि सिस्टरच्या हातातलं घड्याळ, चार ठिकाणी चार वेळा. पेशंट आत येण्याच्या आधीच अँजिओप्लास्टीचा फुगा फुगवला गेला, अशी नोंद डेटाबेसमध्ये गेली की क्वेरी, म्हणजे खुलाशाची विचारणा, येणारच. दर सोमवारी ही सगळी घड्याळं एकाच मोबाइलशी ताडून फरक वहीत लिहा. मूळ कागदावरची वेळ बदलायची नाही. फरक किती होता ते वेगळ्या टिपणात नोंदवून फाइलला लावायचं. पहिला ईसीजी 10 मिनिटांत, आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या हॉस्पिटलात पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून 90 मिनिटांत रक्तवाहिनी उघडणं, ही उद्दिष्टं मिनिटांत आहेत. तिथे सात मिनिटांची चूक ही मोठी चूक आहे.

धार, खरगोन, झाबुआकडून येणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. दुसऱ्या हॉस्पिटलात नेऊन 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी तिथेच औषधाने गुठळी विरघळवतात आणि मग 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी करतात. अशा पेशंटला दोन दारं असतात: पहिल्या हॉस्पिटलचं आणि तुमच्या हॉस्पिटलचं. रेफरल चिठ्ठीवर टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज दिल्याची वेळ असते. ती चिठ्ठी वॉर्ड बदलताना हमखास हरवते. पेशंट आल्या आल्या तिची प्रत काढा.

ईसीजीच्या कागदाचंही ऐका. तो थर्मल असतो, उन्हात नि उष्णतेत फिका पडतो, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये किंवा चिकटपट्टीखाली तर त्याहून लवकर. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, तिच्यावर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ लिहून सही-तारीख करा आणि दोन्ही एकत्र ठेवा. वेग 25 मिमी प्रति सेकंद आणि 10 मिमीला एक मिलिव्होल्ट, हे कागदावर छापलेलं आहे का तेही पाहा. अर्ध्या उंचीवर काढलेल्या ईसीजीत एसटी (रेषेचा एक ठरावीक भाग) मोजून चुकीचा पेशंट बाद होतो. एसटी उंचावली आहे म्हणायला बहुतेक लीड्समध्ये (ईसीजीच्या वेगवेगळ्या कोनांतल्या नोंदींत) 1 मिमी पुरतो, पण छातीवरच्या व्ही2-व्ही3 मध्ये 40 च्या पुढच्या पुरुषांना 2, त्याखालच्या पुरुषांना 2.5 आणि बायकांना 1.5 मिमी लागतो. निर्णय डॉक्टरांचा. पण निकषांच्या तक्त्यावर टिक तुम्ही करता, म्हणून हे पाठ हवं.

लॅबचे आकडे

ट्रोपोनिनमध्ये (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) सर्वांत जास्त गोंधळ एककाचा. एक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिते, दुसरी नॅनोग्रॅम प्रति लिटर, 0.04 आणि 40 हा एकच आकडा आहे. ट्रोपोनिन आय आणि टी एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि दोन कंपन्यांच्या ट्रोपोनिन आयचीही तुलना होत नाही. 2018 च्या चौथ्या सार्वत्रिक व्याख्येनुसार नुसतं वाढलेलं ट्रोपोनिन म्हणजे हार्ट अ‍ॅटॅक नव्हे: आकडा चढता किंवा उतरता दिसायला हवा, किमान एकदा 99 व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या 99 निरोगी माणसांच्या आकड्याच्या) वर हवा आणि सोबत लक्षणं, ईसीजीतला नवा बदल किंवा इमेजिंगचा पुरावा यांपैकी काहीतरी हवं. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच वर राहू शकतं. बाहेरच्या हॉस्पिटलातून एकच आकडा आला तर दुसरा कुठे आहे हे विचारायचं काम तुमचं.

हार्ट फेल्युअरच्या अभ्यासांत इको रिपोर्टवर ‘ईएफ 40–45 टक्के’ (एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं) असं लिहून येतं. हा नजरेचा अंदाज आहे. निकष 40 किंवा त्याखालचा असेल तर यातून मधला 42.5 काढून लिहिणं म्हणजे आकडा बनवणं. बायप्लेन सिम्प्सन पद्धतीने, म्हणजे दोन कोनांतून आकृती आखून, मोजून द्यायची विनंती इको करणाऱ्यांना आधीच करून ठेवा. नंतर केली की त्यांच्या कपाळावर आठ्या. पेशंट हार्ट फेल्युअरचं सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन घेत असेल तर रक्तातल्या बीएनपीऐवजी (हृदयावर ताण आला की वाढणारं द्रव्य) एनटी-प्रोबीएनपी लागतं, कारण ते औषध बीएनपीचं विघटन करणारं एन्झाइमच अडवतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित होण्याचा एक विकार) हे दोन्ही आकडे चढतात, लठ्ठपणात उतरतात.

अँजिओग्राफीची सीडी कोअर लॅबला (सगळ्या हॉस्पिटलांची चित्रं एकाच कसोटीने तपासणारी लॅब) पाठवण्याआधी ती स्वतः उघडून बघा. फाइलच्या नावातून पेशंटचं नाव काढलं तरी चित्राच्या कोपऱ्यात ते छापलेलं राहतं.

कन्सेंट

कन्सेंट म्हणजे पेशंटने समजून दिलेली संमती. या विषयात इंदूरला इतिहास आहे, आणि तो माहीत नसलेला को-ऑर्डिनेटर अर्धवट. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने औषधचाचण्यांमधल्या गैरप्रकारांवर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या काळात या प्रश्नावर देशभर जी चर्चा पेटली, तिच्या पाठोपाठ 2013 च्या सुरुवातीला नुकसानभरपाईचे आणि एथिक्स कमिट्यांच्या (अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या, पेशंटांचं हित पाहणाऱ्या समित्या) नोंदणीचे नियम आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने कन्सेंटचं ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगितलं. आज लागू आहेत ते 19 मार्च 2019 चे नवी औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम; त्यांत नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातले पेशंट असतील तर हे मुद्रण बंधनकारक आहे. स्टेंटसारख्या उपकरणांना 2017 चे वेगळे नियम. आणि सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी, नंतर नाही.

हार्ट अ‍ॅटॅकच्या पेशंटला मॉर्फिन दिलेलं असतं, बाहेर नातेवाईक पैशांची जुळवाजुळव करत असतात आणि घड्याळ धावत असतं. अशा वेळी अकरा पानी हिंदी फॉर्म पुढे धरून ‘यहाँ साइन कर दीजिए’ म्हणणं सोपं असतं. त्याला कन्सेंट म्हणत नाहीत. माहिती डॉक्टर देतील. तुम्ही शेजारी उभं राहून पाहायचं की पेशंटला तीन गोष्टी समजल्यात का: हा नेहमीचा उपचार नाही, अभ्यास आहे. नाही म्हटलं तरी उपचार होणार. कधीही बाहेर पडता येतं. त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा. पेशंटला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. तो वॉर्डबॉय किंवा अभ्यासातला सहकारी नसावा. सही-अंगठ्यासोबतची तारीख आणि वेळ पेशंटने किंवा साक्षीदारानेच घालायची, तुम्ही नाही. अभ्यासासाठीची पहिली रक्तचाचणी त्या वेळेनंतरचीच हवी.

भाषेचा मुद्दा इंदूरच्या आपल्या मराठी लोकांना फार जवळचा. रामबागेतल्या आजी तुमच्याशी मराठीत बोलू लागल्या की तुम्ही हिंदी फॉर्म घेऊन तोंडी भाषांतर करायला लागता. त्यांना हिंदी नीट वाचता येत असेल तर गप्पा मराठीत, कागद हिंदी, हे चालेल. येत नसेल तर एथिक्स कमिटीने मंजूर केलेला मराठी फॉर्म हवा. निमाडी किंवा भिली बोलणाऱ्यांसाठी हाच नियम, आणि तिथे तर शब्दांची ओढाताण जास्त. सही झालेली एक प्रत पेशंटला द्या, दिल्याची नोंद करा. अभ्यास करवणाऱ्या स्पॉन्सरचा तपासनीस, म्हणजे मॉनिटर, सगळ्यात आधी तेच बघतो.

पेशंट हरवू नये म्हणून

पेशंट घेतला त्याच दिवशी तीन नंबर घ्या: त्याचा, घरातल्या एकाचा आणि घराबाहेरच्या एकाचा. मोबाइलचं सिम बदलतं, शेजारच्या किराणावाल्याचं बदलत नाही. तिन्ही नंबर तिथेच लावून बघा. गावाचं नाव, फळिया (वस्ती), आशा कार्यकर्तीचं नाव लिहा. मात्र बाहेरच्या माणसाला फोन करायला पेशंटची परवानगी कन्सेंटमध्ये असायला हवी, आणि त्याला आजाराबद्दल एक अक्षर सांगायचं नाही.

व्हिजिटच्या तारखा शेतीचं वेळापत्रक पाहून लावा. माळव्यात सोयाबीनची पेरणी जून-जुलैत, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, गहू मार्च-एप्रिलमध्ये. झाबुआ-अलीराजपूरकडचे बरेच लोक दिवाळीनंतर गुजरातेत कामाला जातात ते होळीआधीच्या भगोरियाला परततात. विंडो, म्हणजे तारखेतली मुभा, अधिक-उणे 14 दिवसांची असेल तर तिच्यातला सोयीचा दिवस आधीच ठरवा, आणि भाड्याचे पैसे त्याच दिवशी हातात द्या. प्रवासखर्चाचं व्हाउचर दोन महिने रखडलं की पुढची व्हिजिट गेलीच म्हणून समजा.

फोनवर ‘सब ठीक है’ ऐकून बरा आहे असं लिहू नका. विचारा: कुठे अ‍ॅडमिट झाला होता का, एक रात्र तरी? कुठे ईसीजी काढला का? रक्त पातळ करायची गोळी कोणती, शेवटची कधी घेतली? शौचातून किंवा हिरड्यांतून रक्त गेलं का? रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांपैकी महागडी बंद केल्याचं आपणहून कुणी सांगत नाही. बाहेरच्या हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर मागवा, कारण घटनेचा निवाडा करणारी समिती कागदावरच निर्णय देते.

मृत्यू झाला असेल तर जन्म-मृत्यू नोंदणीच्या दाखल्यावर कारण नसतं. हॉस्पिटलात मृत्यू झाला असेल तर कारणाचा वेगळा फॉर्म 4 असतो, घरी झाला असेल तर 4ए. तेही नसेल तर घरच्यांशी बोलून शेवटच्या चोवीस तासांचा वृत्तांत लिहायचा: दुखत होतं का, धाप होती का, बोलता बोलता कोसळले का झोपेत गेले. हा फोन दहाव्या-तेराव्याच्या दिवसांत करू नका.

एसएई म्हणजे गंभीर घटना कळल्यापासून 24 तासांत केंद्रीय औषध नियंत्रक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायची आणि तिचं विश्लेषण 14 दिवसांत. रविवार मोजला जातो. हृदयविकारात एक खास खड्डा आहे: दुसऱ्या रक्तवाहिनीची अँजिओप्लास्टी तीन आठवड्यांनी करायची असं पहिल्याच दिवशी ठरलं असेल आणि ते सोर्समध्ये (मूळ कागदांत) तेव्हाच लिहिलेलं नसेल, तर ती पुढे अनपेक्षित रिव्हॅस्क्युलरायझेशन (रक्तवाहिनी पुन्हा उघडावी लागणं) म्हणून मोजली जाते. अँजिओच्याच दिवशी डॉक्टरांकडून ती ओळ लिहून, सही करून घ्या.

नोकरी पत्करण्याआधी काही प्रश्न विचारून घ्या. एका को-ऑर्डिनेटरकडे किती अभ्यास आहेत? फॉलो-अपचे फोन कोण करतं, ऑफिसच्या मोबाइलवरून की स्वतःच्या? -20 चा फ्रीझर जनरेटरवर आहे का, आणि रात्री वीज गेली तर अलार्म कुणाला जातो? मुख्य संशोधक आठवड्यातून किती वेळ फाइलींवर बसतात? ‘महिन्याला वीस पेशंट सहज मिळतील’ असं कुणी म्हणालं तर मागच्या अभ्यासाचा स्क्रीनिंग लॉग (निकषांवर तपासलेल्या पेशंटांची यादी) दाखवा म्हणावं. मूत्रपिंड, जुना पक्षाघात, आधीपासून चालू असलेली गोळी, अशा एकेका निकषावर वीसांतले किती गळाले हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं.