बायको वजन कमी करतेय? मग ताट एकच ठेवा

बायकोचं वजन उतरत नसेल, तर तिच्यापुरतं पथ्याचं वेगळं ताट वाढू नका. सगळ्या घराचंच ताट बदला. आपण कट ओतून मिसळ हाणायची आणि तिला काकडी, हे बरं नव्हे. रविवारी मटण जरूर करा, पण तांबड्या रश्श्यावरचा तवंग डावाने काढून ठेवा, पांढरा एकच वाटी घ्या. खारट जेवणाने अंगात पाणी साठतं, त्यामुळे सोमवारी काटा किलोभर वर दिसू शकतो. ती चरबी नव्हे, हे तिला आधीच सांगा. रोज 'किती झालं?' विचारू नका. त्यापेक्षा संध्याकाळी चप्पल घालून 'चल, रंकाळ्यावर जाऊन येऊ' म्हणा, आणि येताना भेळेच्या गाडीपाशी तुम्हीही थांबू नका. तरीही वजन हलत नसेल, तर डॉक्टरांना विचारून थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.